सही कुठे गेली?

माझ्या संगणकावर ‘सापडलेलं’ या नावाचं एक फोल्डर आहे. २००७ साली पहिली नोकरी लागली, त्याच आठवड्यात मी ते उघडलं. वेबसाइटी डिझाइन करून पोट भरणाऱ्या बहुतेकांकडे असं एखादं फोल्डर असतं. कामाला लागण्याआधी चहा पिता पिता वीस-पंचवीस टॅब उघडायचे आणि डोळ्यांना आवडेल ते उचलून त्यात टाकायचं, हा आमचा रोजचा रियाज. पोलंडमधली सिनेमाची जुनी पोस्टरं, जपानी काड्यापेट्यांवरची लेबलं, एखाद्या मालिकेच्या सुरुवातीची अक्षरं, कॅसेटची कव्हरं, एसटीच्या जुन्या तिकिटाचा फोटो. आज त्या फोल्डरमध्ये ११ हजारांच्या वर चित्रं आहेत. त्यांतल्या बहुतेक फायलींची नावं म्हणजे नुसते आकडे.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या खानावळीचं काम आलं. मालक तिशीतला मुलगा. त्याला वेबसाइट, मेन्यूकार्ड आणि दारावरची पाटी असं सगळंच ‘जुन्या दिवाळी अंकासारखं’ हवं होतं. मी फोल्डर उघडलं. त्यात एक रेखाचित्र होतं: पाट्यावर वाटण वाटणारी पाठमोरी बाई. अंबाडा, खोचलेला पदर आणि वरवंट्यावर जोर देताना किंचित पुढे झुकलेले खांदे, एवढंच; पण मोजक्या रेघांमध्ये सगळं वजन आलेलं. कुठल्याशा जुन्या मासिकातल्या जाहिरातीतलं ते चित्र होतं. कुणीतरी ते स्कॅन करून टाकलं होतं आणि मी उचललं होतं. कागदाचा पिवळेपणा काढला, डाग पुसले, रेघा जरा ठळक केल्या. मालकाला ते इतकं आवडलं, की त्यानं पहिल्याच बैठकीत होकार दिला.

दुसऱ्या बैठकीला त्याचे आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे. ऑफसेट छपाई सगळीकडे पसरण्याआधी नारायण पेठेत त्यांचं ब्लॉक बनवायचं दुकान होतं. रेखाचित्रांचे लाइन ब्लॉक, फोटोंचे हाफटोन, अशा कामात त्यांची उमेद गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, छापील नमुना अगदी डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “रेघ चांगली आहे. सही कुठे गेली?”

“कुणाची, आजोबा?”

“ज्यानं काढलं त्याची. इथे असणार.” त्यांनी पाट्याच्या खाली बोट ठेवलं. “अहो, एवढी जागा उगाच कोण सोडेल?”

मी म्हणालो, “हे मला इंटरनेटवर सापडलं.”

ते रागावले नाहीत. नमुना टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, की चित्र लहान करून ब्लॉक बनवताना सही उडाली, तर चित्रकार दुसऱ्या दिवशी दुकानात हजर व्हायचा. मासिकाकडून पैसे उशिरा मिळाले तरी तो निभावून न्यायचा, सही गेलेली खपवून घ्यायचा नाही.

घरी येऊन मी मूळ फाइल उघडली. पाट्याच्या खाली, कागदाच्या सुरकुतीला लागून एक बारीकशी खरड होती. डाग समजून मी ती पुसली होती.

*

‘सापडणं’ हे मराठीतलं मोठं सोयीचं क्रियापद आहे. ‘मी शोधलं’ म्हटलं, की खटपट आली आणि तिच्याबरोबर जबाबदारीही आली. ‘मला सापडलं’ म्हणताना आपण जणू काहीच केलेलं नसतं. आपण चालत होतो आणि वस्तू वाटेत आली. पण रस्त्यात पाकीट सापडलं, तर आपण आधी ते कुणाचं आहे हे बघतो. इंटरनेटवर सापडलेल्या चित्राच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. ती का पडली नाही, याचं उत्तर आम्हा लोकांच्या आळसात जितकं आहे तितकंच आम्ही बनवलेल्या पानांच्या रचनेतही आहे.

सुरुवातीला ही परिस्थिती वेगळी होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी ज्यांना एचटीएमएल लिहिता येत होतं, त्यांनाच इंटरनेटवर सहजपणे काही मांडता येत होतं. त्यामुळे दिवसभरात काय नवं पाहिलं हे जगाला सांगणाऱ्यांमध्ये वेब डिझायनर पुष्कळ होते. जेसन कॉट्की हा अमेरिकन डिझायनर त्यांतला सर्वांत चिवट. १९९९मध्ये त्यानं ‘सिल्कस्क्रीन’ नावाचा, पडद्यावरच्या ठिपक्यांच्या हिशेबानं आखलेला चिमुकला फॉन्ट बनवला. लहान आकारातही तो स्वच्छ वाचता यायचा, म्हणून त्या काळच्या असंख्य साइटींवर तो दिसायचा. पण त्याची खरी ओळख झाली ती वेगळ्याच कामामुळे. १९९८पासून तो रोज आपल्याला मिळालेल्या वस्तू लोकांपुढे ठेवतो आहे: नकाशे, फॉन्ट, सिनेमांचे ट्रेलर, विज्ञानातल्या गमती. २००५मध्ये त्यानं डिझाइनची नोकरी सोडली आणि याच कामासाठी वाचकांकडे वर्गणी मागितली. लोकांनी ती दिलीही. नुसत्या सापडलेल्या वस्तू दाखवणं हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

त्या पिढीच्या हातात मुख्यतः लिंक होती, आणि लिंक म्हणजे पत्ता. मी तुम्हाला सांगतो, अमक्या गल्लीत एक सुंदर वाडा आहे, जाऊन बघा. तुम्ही जाता, वाडा त्याच्या जागेवरच असतो, दारावर मालकाची पाटी असते. त्या काळात एक शिष्टाचारही होता. एखादी गोष्ट आपल्याला दुसऱ्या कुणाच्या पानावरून कळली असेल, तर शेवटी ‘व्हाया अमुक’ असं लिहायचं. न लिहिणाऱ्याला चोर समजत.

पुढे चित्रं साठवणं आणि दाखवणं स्वस्त झालं. २००७मध्ये युगो नाकामुरा या जपानी वेब डिझायनरनं सहकाऱ्यासोबत ‘फाउंड’ सुरू केलं. नावात सुरुवातीला एफ हे अक्षर एका ओळीत चार वेळा. निमंत्रण मिळालं तरच तिथे चित्रं जमवता येत. मला ते निमंत्रण मिळालं, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचा बाकी राहिलो होतो. टंब्लरही त्याच वर्षीचं, आणि २०१०मध्ये पिंटरेस्ट आलं. या सगळ्यांनी पत्त्याऐवजी वाड्याची कोरीव खिडकीच उचलून आणायला सुरुवात केली. मूळ पानाकडे जाणारी एक बारीक लिंक खाली असायची खरी, पण ती कुणी दाबत नसे, आणि चित्र दहाव्या हाती गेलं, की ती नवव्या हाताकडेच नेत असे. २०१७मध्ये फाउंड बंद पडलं.

या सगळ्या पानांवर चित्राखाली एक नाव मात्र हमखास असायचं. ते जमवणाऱ्याचं. आमच्या शिष्टाचाराची ही गोम माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. ‘व्हाया’ लिहून आम्ही एकमेकांना श्रेय देत होतो. चित्र आधी कुणी पाहिलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, याची वंशावळ आमच्याकडे चोख होती. ते काढलं कुणी, हा रकानाच आम्ही आखला नव्हता. आणि आखला नव्हता तो आम्हीच. चित्रांची जाळी एकसंध दिसावी म्हणून मधला मजकूर काढून टाकायचा निर्णय डिझाइनचाच होता. मीसुद्धा अशी पानं बनवली आहेत. ‘टेक्स्टमुळे ग्रिड तुटतो’ हे वाक्य मी क्लायंटना किती वेळा ऐकवलं असेल, याची मोजदाद नाही.

*

नाव गेल्यानं नक्की बिघडतं काय? चित्र तर तेच राहतं. मला वाटतं, चित्र तेच राहत नाही. याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे लाल पार्श्वभूमी, वर मुकुट आणि खाली पाच इंग्रजी शब्द: कीप काम अँड कॅरी ऑन. कपांवर, टी-शर्टांवर, दारावरच्या पायपुसण्यांवर आपण ते पाहिलं आहे आणि त्याची हजारो विडंबनंही पाहिली आहेत. युद्धकाळातल्या ब्रिटिश धीराचं प्रतीक म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

खरा प्रकार असा, की १९३९मध्ये ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं तीन पोस्टरं तयार केली. त्यांतली दोन लागली. जनतेच्या हिमतीमुळे ‘आपला’ विजय होईल, असं त्यांतलं एक सांगत होतं, आणि लोकांना ते आवडलं नाही. हिंमत आम्ही दाखवायची आणि विजय कुणाचा, असा त्यांचा सवाल होता. तिसरं पोस्टर मोठ्या हल्ल्याच्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं. त्याच्या जवळपास साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या आणि ते जवळजवळ कुठेच लागलं नाही. युद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा बहुतेक प्रतींचा लगदा करण्यात आला. म्हणजे लंडनवर बॉम्ब पडत असताना या वाक्यानं लोकांना धीर वगैरे काही दिला नाही. ते लोकांनी पाहिलंच नव्हतं.

२०००मध्ये इंग्लंडच्या उत्तरेला अल्निक गावात, जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीतलं ‘बार्टर बुक्स’ हे जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या स्टुअर्ट मॅन्ली यांना लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली. त्यांच्या पत्नीनं ती फ्रेम करून गल्ल्याजवळ लावली. गिऱ्हाइकं प्रत मागू लागली, त्यांनी ती छापली, पुढचं आपल्याला माहीत आहे. मॅन्ली दांपत्याकडे दोष जात नाही. त्यांनी पोस्टर कुठून आलं हे कधी लपवलं नाही. पण इंटरनेटच्या हातोहातीत मागची गोष्ट गळाली आणि एका फसलेल्या सरकारी प्रचारमोहिमेचा कधीही न वापरलेला भाग लोकांच्या शौर्याची आठवण म्हणून विकला जाऊ लागला. इथे नुसतं नाव हरवलं नाही, इतिहास उलटा झाला.

दुसरं उदाहरण कागदी पेल्याचं. पांढऱ्या पेल्यावर फिरोजी रंगाचा ब्रशचा जाड फराटा आणि त्यावर जांभळी नागमोडी रेघ. १९९०च्या दशकात अमेरिकेत ज्यांनी वाढदिवसाच्या पार्टीत किंवा दाताच्या डॉक्टरकडे पाणी प्यायलं, त्या सगळ्यांच्या हातून तो पेला गेला आहे. पुढे हेच चित्र त्या दशकाचा शिक्का बनलं. लोकांनी ते मोज्यांवर छापलं, मोटारींवर रंगवलं. नक्षीचं नाव होतं ‘जॅझ’, आणि करणारा कुणालाच माहीत नव्हता. २०१५मध्ये इंटरनेटवर कुणीतरी साधा प्रश्न विचारला, की हे काढलं कुणी? मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं तो प्रश्न अंगावर घेतला आणि जीना एकिस या बाईंना शोधून काढलं. त्या स्वीटहार्ट कप कंपनीच्या कलाविभागात नोकरीला होत्या. नव्या नक्षीसाठी कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्यांमध्ये स्पर्धा घेतली होती, आणि त्यांनी कोळशानं ओढलेले फराटे निवडले गेले. १९९२मध्ये पेले बाजारात आले.

हे कळल्यावर पेला पूर्वीसारखा दिसत नाही. तोवर ती ‘नाइन्टीजची नक्षी’ होती. जणू ते दशकच एके रात्री फराटा ओढून गेलं. आता तो कागदावर कोळसा फिरवणाऱ्या एका बाईचा हात झाला. कोळसा फिरताना कडेला येणारी खरबरीत किनार, रंग बदलून छापल्यावरही पेल्यावर टिकून राहिलेली, तिच्याकडे मी पहिल्यांदा लक्ष दिलं ते ही गोष्ट वाचल्यानंतर. नाव कळलं की नीट बघायला कारण मिळतं, असा माझा अनुभव आहे.

*

नाव नसताना जशी फुकटची भक्ती करता येते, तशी फुकटची टवाळीही करता येते. डिझायनर मंडळींचा ठरलेला विनोद म्हणजे कॉमिक सान्स. तो वापरणाऱ्याला आम्ही वर्षानुवर्षं हसलो. त्यावर बंदी घाला म्हणणारी मोहीमसुद्धा निघाली. १९९४मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या व्हिन्सेंट कॉनर यांनी एका सॉफ्टवेअरची चाचणी प्रत पाहिली. त्यात एक कार्टूनचा कुत्रा वापरणाऱ्याशी फुग्यातून बोलत होता, आणि त्या फुग्यातली अक्षरं होती टाइम्स न्यू रोमन. कुत्र्यानं वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखं बोलावं हे कॉनरना खटकलं, आणि त्यांनी कॉमिक पुस्तकांतल्या हातानं लिहिलेल्या मजकुरावरून नवी अक्षरं काढली. त्या सॉफ्टवेअरसाठी ती वेळेत तयार झाली नाहीत. पुढे विंडोजमधून घरोघरी गेली. कुत्र्याच्या फुग्यासाठी शिवलेला अंगरखा लोकांनी दवाखान्याच्या सूचनाफलकावर चढवला. त्यात शिंप्याचा काय गुन्हा?

हे मी शहाणपणानं लिहितो आहे, पण माझा स्वतःचा कॉमिक सान्स मराठीतच होता. त्याचं नाव मंगल. विंडोज २०००पासून कित्येक वर्षं मराठी माणसानं संगणकावर युनिकोडमध्ये जे जे वाचलं आणि लिहिलं, त्याचा मोठा हिस्सा मंगलमध्ये होता. मी पहिल्यांदा मराठी साइट बनवली तेव्हा मंगलला शिव्या दिल्या. ओळींमध्ये केवढं अंतर, रेघा किती सपाट, चेहरा किती सरकारी! ‘मंगल दिसला की अमंगल वाटतं’ हा माझा त्या वेळचा आवडता विनोद. मित्रमंडळींत तो खपायचा.

मंगल कुणी केला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. र. कृ. जोशी यांनी. १९३६ ते २००८ एवढं आयुष्य लाभलेले, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शन केलेले, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेले, सुलेखनाला भारतात नवी प्रतिष्ठा देणारे र. कृ. जोशी. अनियतकालिकांच्या काळात मराठीत दृश्यकविता करणारे कवीही तेच. अक्षरांना कागदावर नाचवणाऱ्या माणसानं मंगलमध्ये मात्र हात आवरून धरला होता, आणि तो का, हे कळण्यासाठी त्या वेळचे पडदे आठवावे लागतात. ठिपके मोठे आणि मोजके. लहान आकारात मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळून काळा डाग व्हायचा. वर मात्रा, खाली उकार, जोडाक्षरात आणखी एक मजला. या सगळ्याला धक्का न लागता ओळी एकाखाली एक बसवायच्या, तर ओळींत अंतर लागणारच. आजच्या पडद्यावर ते सैल दिसतं हे खरं आहे. मंगल सुंदर आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण माझी टीका एका अडचणीच्या उत्तरावर होती आणि मला अडचणच ठाऊक नव्हती. कर्त्याचं नाव माहीत असतं, तर निदान ‘या माणसानं असं का केलं असेल?’ हा प्रश्न पडला असता. नाव नसलेल्या गोष्टीला असा प्रश्न विचारावासाच वाटत नाही.

*

आता घराजवळ येऊ. गेल्या काही वर्षांत जुन्या मराठी छापील वस्तूंचं इंटरनेटवर मोठं पीक आलं आहे. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती, जंत्र्या, औषधांची लेबलं. मला ते अतिशय आवडतं आणि ज्यांनी स्वखर्चानं स्कॅन करून हे वाचवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांतली कोणती चित्रं नावासकट फिरतात आणि कोणती नावाशिवाय, हे जरा पाहावं.

दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बहुधा नावासकट फिरतात. १९१६ ते १९७१ या आयुष्यात त्यांनी मराठी पुस्तकांची आणि अंकांची मुखपृष्ठं किती केली याला सुमार नाही. १९४५पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. त्यांची सही चित्रात ठळक असते, चित्राचाच भाग असल्यासारखी. ती कापायची म्हटलं तर चित्र कापावं लागतं. दलाल इंटरनेटवर टिकले, त्यात त्यांच्या कीर्तीइतकाच त्या सहीच्या जागेचा वाटा आहे.

अक्षरांचं मात्र तसं नाही. २०२०मध्ये कमल शेडगे गेले. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं शीर्षक ज्या अक्षरांत यायचं, ती अक्षरं अनेक वर्षं त्यांच्या हातची होती. प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर, नाटकाच्या प्रकृतीसारखं. ‘मत्स्यगंधा’चं शीर्षक त्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं. ती कात्रणं आता ‘व्हिंटेज मराठी टायपोग्राफी’ म्हणून हिंडतात, आणि खाली लोक विचारतात, ‘हा फॉन्ट कोणता? डाउनलोडची लिंक द्या.’ तो फॉन्ट नाही. तेवढीच अक्षरं, तेवढ्याच शब्दासाठी, एका माणसानं हातानं काढलेली आहेत. नाव गळालं, की हात आणि यंत्र यांतला हा फरकही गळतो.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की मराठी प्रकाशनव्यवहारानं चित्रकाराचं नाव द्यायची चाल पूर्वीपासून पाळली आहे. पुस्तक उघडा. मुखपृष्ठानंतरच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत यांच्या रांगेत बहुधा एक ओळ असते: ‘मुखपृष्ठ :’ आणि पुढे नाव. दिवाळी अंकात अनुक्रमणिकेजवळ सजावटकाराचं नाव असतं. म्हणजे छापणाऱ्यानं आपलं काम केलं होतं. स्कॅन करणाऱ्यानं मुखपृष्ठ घेतलं आणि पान उलटलं नाही. एक पान. हा सगळा प्रश्न कित्येकदा एका पानाचा असतो. म्हणून जुन्या वस्तू टाकणाऱ्या सगळ्यांना माझं एकच मागणं आहे: दोन फोटो काढा. एक मुखपृष्ठाचा, दुसरा त्या आतल्या पानाचा. दुसरा सुंदर दिसणार नाही, त्याला कुणी बदाम देणार नाही, तरी काढा.

*

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कलेत सगळं नेहमीच इकडून तिकडे गेलं आहे. दारातल्या रांगोळीखाली सही नसते, ट्रकच्या पाठीवरच्या कमळाखाली नसते. कलाकार परदेशी मासिकं चाळून कल्पना उचलत आले आहेत. प्रत्येक चित्राचा जन्मदाखला मागत बसलो, तर रोजच्या गमतीचं तहसील कार्यालय होईल. सकाळच्या चहाबरोबर काहीतरी सुंदर बघावं, इतकंच तर करतो आहोत.

मला हे मान्य आहे. आणि सापडलेलं वापरणं हा गुन्हा आहे असंही माझं म्हणणं नाही. ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी चित्रखुणा काढणाऱ्या सुझन केअर यांना १९८३मध्ये कमांड या कळीसाठी खूण हवी होती. मेन्यूत जागोजागी सफरचंद दिसतं, हे स्टीव्ह जॉब्जला नको होतं. केअरनी चिन्हांचा कोश चाळला आणि चार कोपऱ्यांत चार फास असलेला चौकोन उचलला. स्वीडनमध्ये ‘इथे पाहण्यासारखं ठिकाण आहे’ हे सांगायला ती खूण वापरत. उचलेगिरीच, पण कोशातून. म्हणजे जिथे प्रत्येक चिन्हाशेजारी ते कुठलं आणि कशासाठी, हे लिहिलेलं असतं. म्हणूनच आज आपल्याला ही गोष्ट सांगता येते. मॅकच्या कळफलकावर बोट ठेवून मुलीला म्हणता येतं, की हे स्वीडनच्या रस्त्यावरून आलंय. गंमत त्यानं वाढतेच.

म्हणजे मुद्दा मालकीचा कमी आणि वाटेचा जास्त आहे. नाव असलं, की चित्राच्या पलीकडे जाता येतं: त्या माणसाची आणखी चित्रं, त्याचे गुरू, त्याच्या शेजारी बसणारा दुसरा चित्रकार, तो ब्लॉक बनवणारा. नाव नसलं, की चित्र स्वतःपाशीच संपतं आणि आपण पुढच्या चित्राकडे जातो. अकरा हजारांपर्यंत मी असाच गेलो. आता तर ‘जुन्या मराठी दिवाळी अंकासारखं चित्र’ अशी आज्ञा दिली, की यंत्र अर्ध्या मिनिटात चार चित्रं काढून देतं. त्यात अंबाडा असतो, पदर असतो, पाटाही असतो. वरवंट्यावर जोर देताना खांदे नक्की कुठे झुकतात, हे मात्र कधीतरी कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलेलं होतं. त्या माणसापर्यंत परत जायची वाट आम्ही, चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनी, यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी पुसायला घेतली होती.

*

खानावळ सुरू झाली. पाटीवर तीच बाई आहे, पण मूळ स्कॅनमधली. रेघा मी ठळक केलेल्या नाहीत, आणि पाट्याच्या खाली ती खरड जशीच्या तशी आहे. मालकानं विचारलं, “दादा, हे खाली घाण दिसतंय, काढायचं का?” आजोबा म्हणाले, “राहू दे.”

ती सही मी कितीतरी पट मोठी करून पाहिली. शेवटी ‘कर’ आहे, एवढं नक्की. आधीची अक्षरं सुरकुतीत गेली आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या पुस्तकवाल्यांना दाखवून झालं, आजोबांच्या हयात असलेल्या दोन व्यवसायबंधूंना दाखवलं. एकानं तीन नावं सांगितली, दुसऱ्यानं तिन्ही खोडली. ज्या मासिकातली ती जाहिरात आहे, त्याचे अंक आता वाचनालयात बसून एकेक चाळतो आहे. शनिवारी सकाळी, पूर्वी टॅब उघडायचो त्याच वेळेला. दरम्यान ‘सापडलेलं’मधल्या ३४० फायलींना नावं दिली आहेत. बाकीच्या आहेत तशाच आहेत.

परवा आजोबांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं.

“लागलं का?”

“नाही अजून. ‘कर’च्या पुढे गाडी सरकत नाही.”

“‘कर’ तर निम्मा कोकण आहे,” ते म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. “आणा, परत एकदा बघू.”